फोनमधले फोटो घरच्या सर्व्हरवर कसे ठेवायचे: जुना लॅपटॉप, इमिच नावाचं सॉफ्टवेअर, आणि एक कॉपी विश्वामित्री नदीपासून लांब

२०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा आमच्या समा भागातल्या घरात खालच्या मजल्यावर, जिथे आईबाबा राहतात, कमरेपर्यंत पाणी होतं. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती, जन्माष्टमीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि आम्ही अंधारात जिन्यावरून वर काय नेत होतो तर गॅसचा सिलिंडर, इन्व्हर्टर, घराची कागदपत्रं, बाबांची औषधं. लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात फोटोंचे सात अल्बम होते, ते कुणालाच आठवले नाहीत. पाणी उतरल्यावर जोर लावून खण उघडला तर अल्बम फुगून एकमेकांत बसलेले, आणि आईच्या लग्नातल्या फोटोंचा रंग प्लॅस्टिकच्या कागदावर उतरलेला.

ते कसे वाचवले ते आधी पटकन सांगते, कारण पावसाळ्यात कुणाला ना कुणाला लागतंच. ओले चिकटलेले फोटो तसेच सुकू द्यायचे नाहीत, सुकले की कायमचे चिकटतात, आणि ओढून सोडवायचेही नाहीत. परातीत स्वच्छ थंड पाणी घ्यायचं, त्यात बुडवून ठेवायचे, आपोआप सुटतील तेवढेच सोडवायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळत घालायचे. एका दिवसात होत नसेल तर ओले तसेच पिशवीत घालून लाइट असलेल्या कुणाच्या तरी फ्रीझरमधे ठेवायचे, नंतर निवांत करता येतं. आम्ही असे तीनशेच्या वर फोटो सोडवले आणि प्रत्येकाचा फोनने फोटो काढून ठेवला, कारण तो कागद आता किती टिकेल याचा भरवसा वाटत नव्हता.

आणि ते सगळे फोटो पुढचे चारेक महिने माझ्या एकाच फोनमधे होते. उत्तरायणच्या आदल्या रात्री तो फोन चार्जिंगला लावला तो सकाळी चालूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने दोन दिवसांनी चालू करून दिला पण ते दोन दिवस माझ्या घशाखाली तीळगूळ उतरला नाही. त्याच आठवड्यात मी घरी फोटोंसाठी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप येऊन साठतील असा कायम चालू असलेला कॉम्प्युटर, लावायला घेतला, आणि आता नात्यातल्या चार घरांत लावून दिलाय, त्यामुळे कुठे अडतं ते चांगलं माहीत झालंय. म्हणून हे लिहितेय.

क्लाउड का नाही, असं सगळे विचारतात. क्लाउड वाईट नाहीये, पण गूगल फोटोजमधलं अनलिमिटेड फुकट प्रकरण १ जून २०२१ ला संपलं, आता १५ जीबी मिळतात आणि तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. आमच्या घरातल्या चार फोनचे फोटो-व्हिडिओ मिळून ४०० जीबीच्या आसपास आहेत आणि दरवर्षी वाढतायत, म्हणजे दर महिन्याचं भाडं, ते पण जन्मभर. त्यापेक्षा एकदा हार्डडिस्क घेतली की आपली झाली. जमत असेल तर दोन्ही ठेवा, माझा विरोध नाही, पण एक कॉपी आपल्या हातात हवी असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरू नका, घरात पडलेला जुना लॅपटॉप हाच सर्व्हर. आमचा दहा वर्षं जुना आहे, आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, स्क्रीनला एक उभी रेघ आलेली, त्यामुळे कुणी वापरत नव्हतं. रॅम ८ जीबी असली की काम निवांत होतं, ४ जीबीत चेहरे ओळखण्याचं काम चालू झालं की दम लागतो. आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून २५६ जीबीची एसएसडी टाकून घ्या, कुठलाही कॉम्प्युटरवाला अर्ध्या तासात टाकून देतो, सिस्टम आणि डेटाबेस (म्हणजे फोटोंच्या सॉफ्टवेअरची नोंदवही) त्यावर ठेवला की लॅपटॉप नवीन झाल्यासारखा चालतो. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, लाइट गेली तरी मशीन चालू राहतं, आणि लिहिता लिहिता अचानक बंद पडणं यानेच डेटाबेस खराब होतात. फक्त बॅटरी आधी नीट बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, खालची पाठ टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगलीये, तसा लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी बदला. बायॉसमधे (लॅपटॉप चालू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग) चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, कायम प्लगमधे राहणाऱ्या बॅटरीचं आयुष्य त्याने वाढतं.

फोटोंसाठी बाहेरची हार्डडिस्क घ्या, आणि इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मोठी साडेतीन इंची डिस्क स्वतःच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालते, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप चालू पण डिस्क बंद, सगळ्यात वाईट प्रकार. छोटी अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीमधूनच करंट घेते, ती लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहते. ती थोडी हळू असते पण फोटो एकदा लिहिले की लिहिले, परत परत खोडून लिहायचे नसतात, त्यामुळे चालतं. आजचे फोटो मोजा, त्याच्या तिप्पट जागेची घ्या, आणि पहिल्या दिवशीच एकसारख्या तीन डिस्क घ्या, तीन का ते खाली येतंय. एवढे पैसे एकदम नसतील तर लहान साइझच्या घ्या पण तीनच घ्या.

लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी उबंटू सर्व्हर टाकलं, हा लिनक्सचा फुकट प्रकार आहे, आणि ते टाकायचा पेन ड्राइव्ह बनवायला रुफस नावाचं टूल वापरलं. लॅपटॉप मिटला की झोपतो, ते बंद करावं लागतं, लिनक्सच्या लॉगइन-डी नावाच्या भागाच्या कॉन्फिग फाइलमधे हँडल लिड स्विच नावाची ओळ असते, तिथे इग्नोर लिहून मशीन रीस्टार्ट करायचं. हे विसरलात तर सगळं लावून झाकण मिटाल आणि सगळ्यांचे फोन सर्व्हर सापडत नाही म्हणून रडतील. फोटोंची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-४ मधे फॉरमॅट करा, विंडोजवाल्या एनटीएफएसवर परमिशनचे घोळ होत राहतात. आणि डिस्क तिच्या यूयूआयडीने (न बदलणारा ओळख क्रमांक) कायमची माउंट करा, म्हणजे सिस्टमला जोडा, नुसत्या एसडीबी-एसडीसी नावाने केली तर पुढच्या वेळी दुसरी डिस्क लावल्यावर नावं बदलतात.

सॉफ्टवेअर म्हणून मी इमिच वापरते. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, दिसायला बरंचसं गूगल फोटोजसारखं आहे त्यामुळे आईला वेगळं काही शिकवावं लागलं नाही, चेहरे ओळखतं, नकाशावर दाखवतं. मी लावलं तेव्हा त्यांच्या वेबसाइटवरच मोठा इशारा असायचा की काम चालू आहे, यावर एकट्यावर विसंबू नका, पण ऑक्टोबर २०२५ मधे २.० हे स्टेबल व्हर्जन आलं आणि आता बरंच निवांत झालंय. ते डॉकरवर चालतं, म्हणजे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट तयार डब्यात चालवणाऱ्या टूलवर. कमांड मी इथे देत नाहीये कारण इमिचच्या डॉक्युमेंटेशनमधे त्या तयार आहेत आणि तिथल्याच ताज्या असतात, इथल्या वर्षभरात शिळ्या होतील. तिथून दोन फाइली उतरवायच्या, एक डॉकर कंपोजची आणि एक एन्व्हची, म्हणजे सेटिंगची. पहिलीला हात लावायचा नाही. दुसरीत फोटो कुठे जाणार ती जागा म्हणजे तुमची बाहेरची डिस्क, डेटाबेस कुठे राहणार ती जागा म्हणजे आतली एसएसडी, आणि डेटाबेसचा पासवर्ड, एवढंच बदलायचं. पासवर्डमधे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, ॲट-हॅश-डॉलर असलं काही टाकलंत की डॉकर त्याचा भलताच अर्थ लावतं आणि तुम्ही तासभर शोधत बसता. मग कंपोज चालू करायचं, पाच-दहा मिनिटं डाउनलोड होतं, आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे लॅपटॉपचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर), कोलन, २२८३ टाकलं की पान उघडतं. पहिलं खातं जो बनवेल तो ॲडमिन.

तो आयपी बदलता कामा नये. राउटरमधे जाऊन ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा डीएचसीपी रिझर्व्हेशन असं काहीतरी लिहिलेलं असेल तिथे लॅपटॉपला एक नंबर कायमचा बांधून द्या. आणि लॅपटॉप राउटरला लॅन केबलनेच जोडा, वाय-फायने नाही, कारण फोन तर वाय-फायवर असणारच, सर्व्हरही त्याच वाय-फायवर असेल तर एकच हवा दोघं वाटून घेणार.

आता फोटो चढवायच्या आधी दोन कामं, नंतर करायला गेलात तर त्रास आहे. एक, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं. सगळ्यांसाठी एकच खातं ठेवलं की आईचे देवदर्शनाचे फोटो आणि मुलाचे गेमचे स्क्रीनशॉट एका टाइमलाइनमधे येतात आणि आठवड्यात सगळे कंटाळतात. वेगळी खाती ठेवून पार्टनर शेअरिंगने एकमेकांचे फोटो दाखवता येतात. दुसरं काम म्हणजे ॲडमिन सेटिंगमधलं स्टोरेज टेम्प्लेट, ते मुळात बंद असतं, चालू करा. चालू केलं की डिस्कवर प्रत्येकाच्या वेगळ्या फोल्डरमधे वर्ष, त्यात तारीख, त्यात मूळ फाइल असे फोटो बसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण उद्या इमिच बंद झालं किंवा मला काही झालं तरी डिस्क कुठल्याही लिनक्स कॉम्प्युटरला लावून २०१९ उघडलं की २०१९ चे फोटो समोर येतील, कुठलंही ॲप न लागता.

मग फोन. ॲप प्ले स्टोअर, ॲप स्टोअर दोन्हीकडे आहे. आईच्या फोनवर लावलं तो प्रसंग जसाच्या तसा सांगते कारण सगळ्या चुका त्यात येऊन जातात. ॲप उघडल्यावर परमिशन विचारतं, आईने सवयीप्रमाणे न वाचता बटण दाबलं, ते निघालं निवडक फोटोंना परवानगीचं. नवीन अँड्रॉइडवर आणि आयफोनवर हे हमखास होतं, मग ॲपला चारच फोटो दिसतात आणि बॅकअप पूर्ण झाला म्हणून सांगतं, आणि आपण खूश. सगळ्या फोटोंना परवानगी द्यायची. मग अल्बम निवडायचे. आईच्या फोनमधे १४ हजार फोटो निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त व्हॉट्सॲपचे, शेजारच्या बेनचे जय श्रीकृष्णवाले, महिला मंडळातले शुभ सकाळवाले, आणि त्यातच कुठेतरी नातीचा पहिला दात. मी म्हटलं व्हॉट्सॲपचा अल्बम सोडू, आई म्हणाली नको, आणि तिचं बरोबर होतं, कारण पुण्याच्या मामेभावाच्या मुलांचे, अमेरिकेतल्या आत्याचे सगळे फोटो तिच्याकडे व्हॉट्सॲपवरूनच येतात. तर तो अल्बमही घेतला, पण आधी दोन दुपारी तिच्याबरोबर बसून फुलं-सूर्य-सुविचार उडवले.

अपलोड चालू झालं तसं ती म्हणाली, "अगं पण हे सगळं जातंय कुठे?"

"वरच्या खोलीत, आपल्याच घरात."

"मग इथलं जाणार का?"

"नाही, इथलं इथेच राहील, तिकडे कॉपी होतेय."

जरा वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "आणि पाणी आलं तर?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरच्या मजल्यावर आहे एवढंच म्हणता आलं, पण ते उत्तर नाहीये, तिकडे येते.

पहिल्यांदा अपलोड करताना फोन राउटरजवळ, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर, चार्जिंगला, आणि ॲप उघडं ठेवून करा. इंटरनेटचा स्पीड इथे लागतच नाही, सगळं घरातल्या घरात चाललंय. बऱ्याच स्वस्त राउटरचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे सेकंदाला ११-१२ एमबी, त्यामुळे ६० जीबी चढवायला कागदावर दीड तास आणि खरं तर पूर्ण रात्र धरा, छोट्या फाइली हजारोंनी असल्या की वेळ जातो. मधेच तुटलं तर घाबरू नका, परत चालू करा, प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्या मजकुराचा ठसा) तपासला जातो त्यामुळे एकच फाइल दोनदा चढत नाही. पहिल्या रात्री लॅपटॉपचा पंखा खूप आवाज करेल, चेहरे ओळखणं, छोटे प्रीव्ह्यू बनवणं चालू असतं, दोन-तीन दिवसांत शांत होतो. बडोद्याच्या मे महिन्यात हे करणार असाल तर लॅपटॉप बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका, उघड्यावर, खाली दोन लाकडी पट्ट्या देऊन ठेवा.

त्यानंतर रोजचे फोटो आपोआप जायला हवेत आणि इथे अँड्रॉइड आडवं येतं. फोनच्या सेटिंगमधे त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा, काही कंपन्यांच्या फोनमधे ऑटोस्टार्ट वेगळं द्यावं लागतं, नाही दिलं तर दोन दिवसांनी फोन ॲपला मारून टाकतो आणि आपल्याला कळतही नाही. आयफोनवर बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश चालू ठेवा, तरी कधी चालवायचं ते फोनच ठरवतो, म्हणून ताईला मी सांगितलंय की आमच्याकडे आलीस की ॲप पाच मिनिटं उघडून ठेव. तिच्या आयफोनमधे अजून एक होतं, ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असल्यामुळे मूळ फोटो आयक्लाउडमधे आणि फोनमधे नुसती छोटी कॉपी, मग ॲप प्रत्येक मूळ फोटो आधी खाली उतरवतं आणि मग वर चढवतं, त्यामुळे तिचं आठ दिवस चाललं. वाट बघा, होतं.

लोकेशनचं एक बारीक लक्षात ठेवा. अँड्रॉइड फोनवरून ब्राउझर उघडून फोटो अपलोड केले तर फोटोतली जागेची माहिती काढून टाकली जाते. ॲपमधूनच करा, आणि ॲपने मीडिया लोकेशन मागितलं तर द्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तर तारीख-जागा काहीच नसतं आणि तो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे लग्न-मुंजीचे चांगले फोटो नातेवाइकांकडून मागताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगा, मग मूळ फाइल येते. आम्ही गौरी-गणपतीला सगळे जमलो तेव्हा मी इमिचमधे एक अल्बम करून त्याची शेअर लिंक बनवली, अपलोडची परवानगी दिली, क्यूआर कोड प्रिंट करून फ्रिजवर चिकटवला. घरच्या वाय-फायवर येऊन ज्याने त्याने स्कॅन करून आपापले फोटो टाकले, दांडिया बाजारातल्या मिरवणुकीचे व्हिडिओसुद्धा, आणि नंतर "तो फोटो पाठव ना" हा महिनाभराचा तगादा नाही.

ओल्या अल्बममधल्या फोटोंचं काय केलं तेही सांगते. ते सगळे २०२४ च्या सप्टेंबरमधे काढल्यासारखे दिसत होते, कारण फोनने तेव्हा काढले. वेबवर एकदम पन्नास फोटो निवडून तारीख बदलता येते. बाबा शेजारी बसले, हे पावागडचं, हे कमाटी बागेतलं, तुझी आई तेव्हा नोकरीला होती, असं करत करत वर्षं लावली. अंदाजाची तारीख असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी टाका आणि वर्णनात "अंदाजे" लिहा. आता टाइमलाइन खाली ओढत नेली की आईबाबांच्या लग्नापर्यंत जाते.

गूगल फोटोजमधे आधीचे असतील तर गूगलच्या टेकआउट सोयीने उतरवा, पन्नास-पन्नास जीबीच्या झिप मागा, छोट्या मागितल्यात तर शंभर फाइली उतरवत बसाल. तिथून येताना प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल येते, बदललेल्या तारखा आणि वर्णनं त्यात असतात, म्हणून ती झिप नुसती उघडून फोटो कॉपी करू नका, इमिच-गो नावाचं वेगळं टूल आहे ते जेसन वाचून नीट चढवतं.

ज्यांना डॉकर-लिनक्स नकोच आहे त्यांनी सिनॉलॉजीसारखा तयार दोन डिस्कचा डबा घ्यावा, त्याचं स्वतःचं फोटो ॲप असतं, महाग पडतो पण लावणं सोपं. सिंकथिंगही, म्हणजे दोन मशीनमधली फोल्डरं सारखी ठेवणारं ॲप, पुष्कळ लोक वापरतात, चांगलं आहे, त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ पासून बंद झालंय, आता सिंकथिंग-फोर्क नावाचं घ्यावं लागतं. पण त्यात एक धोका आहे जो मी दोन ठिकाणी बघितलाय: सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं, फोनमधून जागा करायला फोटो उडवलात की सर्व्हरवरूनही उडतो. वापरायचंच तर सर्व्हरच्या बाजूला फाइल व्हर्जनिंग (उडालेल्या फाइलीची जुनी कॉपी ठेवणं) आधी चालू करा आणि मगच फोल्डर जोडा. इमिचमधे फोनच्या गॅलरीतून उडवलं तर सर्व्हरवरचं तसंच राहतं, पण इमिचच्या ॲपमधून उडवताना नीट वाचा, फक्त फोनमधून की सगळीकडून ते तिथे वेगवेगळं असतं. सर्व्हरवरून चुकून गेलं तर ३० दिवस ट्रॅशमधे असतं.

आता आईच्या प्रश्नाकडे. घरातला सर्व्हर म्हणजे दुसरी कॉपी, बॅकअप पुरा झाला नाही. डिस्क मरते, चोरी होते, वीज पडून करंटचा झटका येतो, आणि आमच्याकडे नदी येते. दोन डिस्कचं रेड, म्हणजे दोन्हीवर एकाच वेळी सारखंच लिहिणं, करून भागतं असं काही जण म्हणतात, रेड फक्त एक डिस्क मेली तर कामाला येतं, दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात, डबा पाण्यात गेला की दोन्ही गेल्या, आणि चुकून उडवलेला फोटो दोन्हीवरून एकाच क्षणी उडतो. म्हणून तीन डिस्क. एक सर्व्हरला कायम लागलेली. उरलेल्या दोनपैकी एक घरी आणि एक मांजलपूर भागात ताईच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरची घेऊन जायची, तिथली परत आणायची. जी घरी येते तिच्यावर रात्री तीन वाजता आपोआप कॉपी होते. तीन वाजताच का, तर इमिच रोज रात्री दोनला डेटाबेसची कॉपी करून फोटोंच्याच जागेत बॅकअप्स नावाच्या फोल्डरमधे ठेवतं, शेवटच्या चौदा ठेवतं, आणि आधी डेटाबेस मग फोटो हाच क्रम बरोबर आहे. डेटाबेस नसेल तर फोटो मिळतील पण अल्बम, चेहऱ्यांची नावं, बाबांनी सांगितलेली वर्णनं जातील. थंब्ज (छोटे प्रीव्ह्यू) आणि एन्कोडेड व्हिडिओ ही दोन फोल्डरं कॉपी केली नाहीत तरी चालतं, ती परत बनवता येतात, जागा वाचते.

कॉपीला मी आरसिंक नावाची लिनक्सची कमांड वापरते, आणि डिलीटचा पर्याय मुद्दाम लावत नाही, म्हणजे सर्व्हरवरून काही उडालं तरी बाहेरच्या डिस्कवर राहतं. बाहेर जाणाऱ्या दोन्ही डिस्क लिनक्सच्या लक्सने एन्क्रिप्ट केल्यात, म्हणजे पासवर्डशिवाय उघडत नाहीत, कारण रिक्षात राहिली, पडली, तर घरच्या मुलींचे फोटो कुणाच्या हातात जायला नकोत. एन्क्रिप्ट केलंत तर पासवर्ड हरवला की सगळंच हरवलं हे मनात पक्कं ठेवा.

आणि दर तीन महिन्यांनी ताईकडून आलेली डिस्क मी दुसऱ्याच लॅपटॉपला लावते, डोळे मिटून दहा फोटो आणि दोन लांब व्हिडिओ उघडते, व्हिडिओ शेवटपर्यंत बघते, तारीख-जागा आहे का बघते. हे न करता बॅकअप आहे म्हणणं मला पटत नाही. एकदा यातच कळलं की बाबांच्या फोनचं ॲप सात आठवडे गप्प पडलं होतं, कारण फोनच्या अपडेटनंतर बॅटरीचं सेटिंग आपोआप मागे गेलं होतं. डिस्कची तब्येत स्मार्ट नावाच्या तपासणीत कळते, त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयित जागा, शून्यावरून वाढायला लागले की त्याच आठवड्यात डिस्क बदला, अजून चालतेय म्हणून थांबू नका.

घराबाहेरून फोटो बघायचे असतील तर राउटरमधे पोर्ट उघडू नका. एक तर बऱ्याच इंटरनेट कनेक्शनवर आपल्याला खरा पब्लिक आयपी मिळतच नाही, आणि मिळाला तर सगळ्या जगाला दार उघडं. टेलस्केल लावा, ते आपल्याच मशीनना इंटरनेटवरून खासगी जोडून देतं, घरगुती वापराला फुकट आहे, सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या फोनवर एकाच खात्याने टाकलं की फोन जणू घरातच आहे असं चालतं.

फोनमधून फोटो कधी उडवायचे? घाई करू नका. ॲपमधे उरलेले शून्य दिसायला हवेत, वेबवर त्या महिन्याचे फोटो उघडून बघितलेले हवेत, आणि तो महिना एकदा तरी मांजलपूरला जाऊन आलेला हवा. मी सहा महिन्यांच्या आतलं काहीच उडवत नाही.

शेवटचं राहिलंय ते कागदाचं. सर्व्हरचा पासवर्ड, डिस्कचा पासवर्ड, लॅपटॉप कुठला, कुठल्या डिस्कवर काय, आणि मी नसले तर फोटो कसे काढायचे ते मी साध्या मराठीत एका पानावर लिहिलंय, म्हणजे कुठलाही कॉम्प्युटरवाला बोलावून त्याच्याकडून करून घेता येईल. आईने ते स्वतःच्या अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं, वाचताना जिथे अडली तिथे मी शब्द बदलले. एक कागद ताईकडे आहे. दुसरा त्याच लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या पाकिटात.